जॅग शाखेत निघालेल्या नव्या वकिलांचे प्रश्न: ओटीएतला दिवस, धावणे, दुखणी आणि नियम

विधी महाविद्यालयातून लष्कराच्या जॅग (जज ॲडव्होकेट जनरल) म्हणजे कायद्याच्या शाखेत निवड झालेल्या मुलामुलींचे निरोप मला वर्षभर येत असतात. पत्र हातात पडल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी "ताई, पळायला किती लागतं?" हा प्रश्न येतोच. मी याच वाटेने गेले आणि अल्पसेवेची (शॉर्ट सर्व्हिस कमिशनची) मुदत पुरी करून बाहेर पडले. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचता येईल. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरते तिथे क्रमांक दिला आहे.

१. जॅग अधिकारी म्हणजे नेमका कोण? वकील की फौजी?

आधी फौजी. जज ॲडव्होकेट जनरल शाखेतला अधिकारी हा इतरांसारखाच कमिशन (अधिकारीपदाची नेमणूक) मिळालेला, गणवेशातला अधिकारी असतो आणि लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो. तो पक्षकार घेत नाही, फी घेत नाही. कमांडरला लष्करी कायद्याचा सल्ला देणे, शिस्तभंगाच्या प्रकरणांची कागदपत्रे तपासणे, कोर्ट मार्शलमध्ये (लष्करी न्यायालयात) जज ॲडव्होकेट, म्हणजे कायद्याचा सल्लागार, म्हणून बसणे, उच्च न्यायालयांत आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालणाऱ्या प्रकरणांत लष्कराची बाजू तयार करून देणे, हे त्याचे काम. त्याचे रोजचे ग्रंथ दोन: आर्मी ॲक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४.

२. पात्रता काय लागते?

वय २१ ते २७, एलएलबीला किमान ५५ टक्के (तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची, दोन्ही चालतात) आणि बार कौन्सिलकडे नोंदणीस पात्र असणे. अलीकडच्या भरतीत सीएलएटी पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे गुणही सक्तीचे केले आहेत. एलएलएम झालेल्यांनाही त्यातून सूट नाही. त्यानंतर एसएसबीची (लष्करी निवड मंडळाची) पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. भरती वर्षातून दोनदा निघते. तारखा व अटी त्या त्या अधिसूचनेतच पाहा. माझ्यासह कोणाच्याही सांगण्यावर अर्ज भरू नका.

३. प्रशिक्षण किती दिवसांचे? वकिलांसाठी सोपे, वेगळे काही असते का?

४९ आठवडे, आणि वेगळे काहीही नाही. चेन्नईची ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी) सेंट थॉमस माउंटच्या परिसरात १९६३ पासून आहे आणि १९९२ पासून तिथे महिलाही प्रशिक्षण घेतात. जॅगचे कॅडेट इतर अल्पसेवा कॅडेटांसोबत त्याच कंपनीत (तुकडीत) राहतात, त्याच मैदानावर धावतात, त्याच चाचण्या देतात. तुमच्या डावीकडे इंजिनिअर असेल, उजवीकडे एनसीसीतून आलेला मुलगा. तुमच्याकडे कायद्याची पदवी आहे याची आठवण तिथे फारशी कोणी ठेवत नाही. कायद्याचे खास शिक्षण कमिशननंतर मिळते (प्रश्न १८). प्रशिक्षण पुरे केल्यावर मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापन व सामरिक अभ्यास यातली पदव्युत्तर पदविकाही मिळते.

४. मला पुढे फायलीच तपासायच्या आहेत. मग दोर चढणे, पाठीवर वजन घेऊन पळणे कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आर्मी ॲक्टचे कलम ३६ घ्या. पहाऱ्यावरचा संत्री झोपला, तर सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या कामगिरीवर) चौदा वर्षांपर्यंत आणि एरवी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. समजा अशी फाइल तुमच्या टेबलावर आली. तुम्ही स्वतः कधी दिवसभर पिट्टू (सामानाची जड पिशवी) पाठीवर घेऊन चाललेले नसाल, रात्री रायफल कवटाळून पहाटेच्या तीन ते पाचचा पहारा दिलेला नसेल, तर तुम्हाला कागदावर एकच वाक्य दिसेल: संत्री झोपलेला आढळला. ते ज्याने भोगले आहे तो पुढचे प्रश्न विचारतो. त्याआधी तो किती तास जागा होता? पहारा बदलायला माणूस वेळेवर आला होता का? गार्ड कमांडरने फेरी कधी मारली? त्या दिवशी त्याने सिक रिपोर्ट केला होता का, म्हणजे आजारी असल्याचे कळवले होते का? हे प्रश्न आरोपीला सोडवण्यासाठी नसतात. खरे काय घडले ते कळावे आणि शिक्षा त्या मापाची असावी, यासाठी असतात. कधी उत्तरे मिळतात आणि आरोप आणखी पक्का होतो, हेही मी पाहिले आहे.

दुसरे कारण विश्वासाचे. चौकशीत जवान तुमच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला तुमच्या खांद्यावरचे स्टार दिसतात. ते तुम्ही त्याच्यासारखेच घाम गाळून मिळवले, हे त्याला माहीत असते. म्हणून तो बोलतो. वेगळ्या दाराने आत आलेल्या माणसाशी तो तसा बोलला नसता.

आणि तिसरे अगदी साधे. बदली उंचावरच्या, थंडीच्या, दुर्गम ठिकाणीही होते. साक्ष नोंदवायला चौकीपर्यंत पायी जावे लागले तर फाइल घेऊन तुम्हालाच चढायचे असते.

५. अकादमीतला एक दिवस कसा असतो? नीट सांगा.

वेळा हंगामानुसार बदलतात, पण साचा तोच. उजाडायच्या बराच आधी उठणे. दाढी, अंथरूण, बूट, सगळे झालेले असले पाहिजे. पहिल्या फॉल-इनला (रांगेत उभे राहताना) हजेरी होते आणि एक मिनिट उशीर झाला तरी तो पूर्ण कंपनीला कळतो. मग पीटी किंवा ड्रिल. पीटी संपल्यावर खोलीपर्यंत पळत, कपडे बदलून पुन्हा पळत मेस. नाश्त्याला मोजकी मिनिटे असतात, आणि ती सगळी खाण्यातच गेली पाहिजेत. गप्पांमध्ये घालवलेली मिनिटे दहा वाजता पोटात जाणवतात.

त्यानंतर वर्ग आणि मैदानी धडे आलटून पालटून: नकाशावाचन, शस्त्रे, फायरिंग, डावपेच, लष्करी इतिहास, नेतृत्व. लष्करी कायदाही सगळ्यांना शिकवतात, आणि त्या तासाला सगळ्यांचे डोळे जॅगच्या कॅडेटांकडे वळतात. दुपारच्या जेवणानंतर वर्ग, सराव किंवा थोडी उसंत. संध्याकाळी खेळ. रात्री जेवण, ठरलेल्या पोशाखात. मग अभ्यास, उद्याचे बूट, उद्याचा गणवेश, आणि दिवे बंद.

यात खरी कसोटी कपडे बदलण्याची आहे. पीटीचा वेश, ड्रिलचा, मैदानी कामाचा, खेळाचा, जेवणाचा असा दिवसातून कितीतरी वेळा वेश बदलतो, आणि प्रत्येक वेळी हाताशी अगदी थोडा वेळ. पहिल्या महिन्यात माणूस धावण्याने दमत नाही इतका या बदलाबदलीने दमतो. उपाय एकच: रात्री सगळे ओळीने लावून ठेवा, पहिल्यांदा काय घालायचे ते सर्वांत वर.

६. वर्गात झोप आली तर?

येणारच. सुरुवातीचे सहा आठवडे पंखा फिरायला लागला की डोळे मिटतात. झोप येतेय असे वाटताच स्वतःहून उठून वर्गाच्या मागे उभे राहा. हे तिथे मान्य आहे आणि त्यात कमीपणा नाही. विधी महाविद्यालयातली रात्री दोनपर्यंत जागून सकाळी नऊला उठण्याची सवय मात्र घरीच सोडून जा. जायच्या दोन महिने आधीपासून रात्री दहाला झोपा, साडेचारला उठा. माझ्या मते ही तयारी पुश-अपपेक्षाही मोलाची आहे.

७. 'रगडा' म्हणजे काय? मारहाण होते का?

चूक झाली की करायला लावलेला जादा व्यायाम म्हणजे रगडा: फ्रंट रोल, पुश-अप, मैदानाला फेऱ्या. चूक एकाची आणि रगडा सगळ्यांना, असेही होते. त्यामागचा हेतू तुम्ही एकमेकांकडे लक्ष द्यावे हा असतो. मारहाण हा त्याचा भाग नाही, आणि तुम्ही तर कायद्याचे विद्यार्थी. आर्मी ॲक्टमध्ये हाताखालच्या माणसाला मारणे वा वाईट वागवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. रगडा आणि छळ यांत रेघ आहे. ती ओलांडली गेली असे वाटले तर प्लाटून कमांडर वा कंपनी कमांडरकडे जा. मन घट्ट करून गप्प बसणे म्हणजे फौजीपणा, ही समजूत चुकीची आहे.

८. जाण्यापूर्वी शारीरिक तयारी किती हवी? आकडे सांगा.

अलीकडच्या अधिसूचनांमध्ये उमेदवारांनी रुजू होण्यापूर्वी गाठायची पातळी दिलेली असते. मुलांसाठी २.४ किलोमीटर १० मिनिटे ३० सेकंदांत, ४० पुश-अप, ३० सिट-अप, ६ पुल-अप. मुलींसाठी २.४ किलोमीटर १३ मिनिटांत, १५ पुश-अप, २५ सिट-अप, २ पुल-अप. शिवाय स्क्वॉट, लंज आणि पोहण्याची ओळख.

इथपर्यंत पोचलात म्हणजे उंबरठ्यावर आलात. आत गेल्यावर वजनासह ५ किलोमीटर, दोर, नऊ फुटी खंदकाची उडी आणि लांब पल्ल्याच्या दौडी येतात. चाचण्यांचे स्वरूप वेळोवेळी बदलते, म्हणून एकाच चाचणीला धरून तयारी करू नका.

९. मला सलग एक किलोमीटरही पळता येत नाही. सहा महिने हातात आहेत. जमेल?

जमेल, घाई केली नाहीत तर. पहिला महिना वेगाचा विचारच नको. चार मिनिटे चालणे, दोन मिनिटे हळू पळणे, असे अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. इतके हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चालणे कमी करत सलग अर्धा तास पळण्यापर्यंत या.

चौथ्या महिन्यापासून वेग. ४०० मीटरच्या मैदानावर २.४ किलोमीटर म्हणजे सहा फेऱ्या. १० मिनिटे ३० सेकंदांचे गणित एका फेरीला १०५ सेकंद, आणि १३ मिनिटांचे १३० सेकंद. आठवड्यातून एकदाच या वेगाने एक फेरी पळा, दोन मिनिटे चाला, पुन्हा पळा. चार फेऱ्यांपासून सहावर या. बाकीचे दिवस हळूच. नवशिक्यांची चूक अशी की रोज घड्याळ लावून स्वतःची परीक्षा घेतात. रोज परीक्षा घेतल्याने वेग वाढत नाही, नडगी दुखायला लागते (प्रश्न १२).

डांबरी रस्त्याऐवजी मातीचे मैदान शोधा. पाठीवर वजन घेऊन पळण्याचा सराव घरी करू नका. वजन घेऊन चालणे पुरे, तेही शेवटच्या दोन महिन्यांत आणि हळूहळू वाढवत.

१०. एकही पुल-अप निघत नाही. विशेषतः मुलींनी काय करावे?

उलट बाजूने सुरू करा. स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर न्या आणि तिथून पाच-सहा सेकंद घेत सावकाश खाली या. असे पाच वेळा, एक दिवसाआड. नुसते लटकणेही करा, अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत. पकड दोराला उपयोगी पडते. दोर चढताना मात्र ताकद पायांची लागते. दोर एका पावलावरून घेऊन दुसऱ्या पावलाने दाबून धरायचा, पाय सरळ करत उठायचे, मग हात वर न्यायचे. हातांच्या जोरावर चढायला गेलेला अर्ध्यात थकतो. हे उस्ताद नीट शिकवतात. लष्करात पीटीच्या प्रशिक्षकाला उस्ताद म्हणतात, आणि त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा.

११. पोहता येत नाही. अडचण होईल?

होईल, पण ती तुमची एकट्याची नसेल. न येणाऱ्यांना तिथे शिकवतात. प्रश्न इतकाच की इतर जेव्हा जरा दम खातात तेव्हा तुम्ही तलावावर असता. म्हणून पाण्यात श्वास सोडणे, तरंगणे आणि २५ मीटर कसेही पार करणे एवढे शिकून जा.

१२. नडगी दुखते. दुखणे लपवून पळत राहावे का? मागे पडण्याची भीती वाटते.

लपवू नका. मी लपवले होते. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीत कळ सुरू झाली, मी क्रेप बँडेज बांधून दहा दिवस पळत राहिले आणि शेवटी पाय टेकवेना. चार दिवसांच्या विश्रांतीत भागले असते तिथे कित्येक आठवडे गेले. चूक माझीच होती, आणि तीच चूक दर बॅचला कोणीतरी करते.

फरक ओळखायला शिका. नडगीभर पसरलेले, पळायला सुरुवात केल्यावर जाणवणारे आणि शरीर तापले की कमी होणारे दुखणे बहुधा स्नायूंच्या आवरणाचे असते. भार कमी केला की उतरते. पण बोट ठेवून दाखवता येईल असे एकाच जागचे, पळताना वाढत जाणारे, रात्री पडल्यावरही ठणकणारे दुखणे हे हाडाला तडा जात असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी लगेच सिक रिपोर्ट करा, एमआय रूममध्ये (तिथल्या दवाखान्यात) जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे साफ आहे" एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. दुखणे टिकले तर परत दाखवा.

तडा जातो तो भार एकदम वाढल्याने. कॉलेजात खुर्चीत बसलेले हाड दोन आठवड्यांत बुटांचे ठोके सोसायला तयार होत नाही. सहा महिने आधीपासून मातीवर पळालेल्याला हा त्रास खूप कमी होतो. रक्तातले ड जीवनसत्त्व जाण्यापूर्वीच तपासून घ्या.

१३. चेन्नईची गरमी सोसवेल का?

तिथे उष्णतेपेक्षा दमटपणा जास्त त्रास देतो. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहिले दोन आठवडे शरीर सवय करून घेत असते, त्या काळात पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाऊ द्या. नुसते साधे पाणी पोटभर ढोसत राहिल्यानेही रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही धोक्याचे. डोके दुखणे, मळमळ, पाय लटपटणे दिसले तर थांबा आणि सांगा. आणि शेजारचा कॅडेट पळताना असंबद्ध बोलू लागला, दिशा चुकू लागला, तर त्याच्या "मी ठीक आहे" कडे लक्ष न देता तिथल्या तिथे उस्तादांना हाक मारा. उष्माघातात मिनिटे मोजावी लागतात.

१४. मुलींसाठी प्रशिक्षण वेगळे असते का? पाळीच्या दिवसांत काय?

अभ्यासक्रम तोच, काही चाचण्यांच्या वेळा व संख्या वेगळ्या (प्रश्न ८). पाळीत पळता येते. फार त्रास झाला तर एमआय रूममध्ये सांगायचे, त्यात संकोच नको.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. खाणे कमी आणि मेहनत खूप झाली की काही मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, आणि "बरं झालं, कटकट गेली" असे त्या म्हणतात. ते बरे नाही. शरीर ताकद वाचवू लागल्याची ती खूण असते, आणि त्याच काळात हाडे कमकुवत होऊन तडे जातात. दोन पाळ्या चुकल्या तर डॉक्टरांना सांगा आणि ताटातले वाढवा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) जाण्यापूर्वी तपासा. लोह कमी असलेली मुलगी कितीही जिद्दीची असली तरी तिसऱ्या किलोमीटरला धापा टाकते आणि स्वतःला आळशी समजत राहते.

१५. मी शाकाहारी आहे. इंग्रजीही अडखळत बोलतो. निभेल?

शाकाहारी जेवण मिळते. डाळ, दूध, पनीर, दही जे समोर येईल ते पोटभर खा, तिथे डाएट करू नका. भाषेचे म्हणाल तर शिकवणे इंग्रजीत, ड्रिलचे हुकूम हिंदीत आणि जवानांशी बोलणेही बहुतेक हिंदीत. मराठी माध्यमातून आलेली मुले सुरुवातीला बुजतात; सहा महिन्यांत तीच मुले वर्गापुढे नकाशा मांडून सांगतात. चुकीच्या व्याकरणाने पण मोठ्या आवाजात बोललेले चालते. तोंडातल्या तोंडात बोललेले चालत नाही.

१६. चाचणीत नापास झालो, किंवा मधेच सोडून यावेसे वाटले तर?

चाचणीला पुन्हा संधी मिळते. तरीही जमले नाही तर रेलिगेशन होते, म्हणजे तुमच्यानंतरच्या बॅचसोबत पुन्हा तेच सत्र. ते कटू असते, पण रेलिगेट झालेले कितीतरी जण पुढे उत्तम अधिकारी झाले. स्वतःच्या मर्जीने सोडून आलात तर प्रशिक्षणाचा खर्च परत भरावा लागतो. वैद्यकीय कारणाने बाहेर पडावे लागणे हे वेगळे प्रकरण आहे. प्रशिक्षणातल्या दुखापतीमुळे बाहेर पडाव्या लागलेल्या कॅडेटांना ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) उपचारांची सोय देण्याचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. म्हणून दुखापत झाली की तिची नोंद कागदावर आलीच पाहिजे. पाय मुरगळला त्या दिवशीचा सिक रिपोर्ट पुढे तुमचा पुरावा असतो, हे वकिलाला तरी समजावून सांगायला नको.

१७. पैसे, लग्न, सनद: नियम काय?

प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड. कमिशननंतर वेतनस्तर १० आणि त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० रुपये व भत्ते. अर्ज करताना अविवाहित असणे ही अट आहे. प्रशिक्षण काळात लग्न केल्यास काढून टाकतात आणि खर्चही वसूल होतो. साखरपुड्यावरून घरचे मागे लागले असतील तर हा नियम त्यांना दाखवा.

वकिलीची सनद घेतली असेल तर ती स्थगित करावी लागते, कारण पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम ४९ सांगतो. सेवेतून बाहेर पडल्यावर ती पुन्हा सुरू करता येते.

१८. कमिशननंतर व्यायाम सुटतो का? आणि कायदा कुठे शिकवतात?

सुटत नाही. शारीरिक चाचण्या सेवेत असेपर्यंत होत राहतात आणि त्यांचे निकाल गोपनीय अहवालाच्या कामी येतात. फरक इतकाच की आता उठवायला उस्ताद नसतो. जॅग कार्यालयात काम बसून असते, फायलींचे ढीग असतात, आणि पहिल्याच वर्षी पोट सुटलेले अधिकारी मी पाहिले आहेत. सकाळची पीटी सोडू नका.

लष्करी कायद्याचे शिक्षण आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला, इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये मिळते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी (चौकशी मंडळ), समरी ऑफ एव्हिडन्स (साक्षींची नोंद), आरोपपत्र, कोर्ट मार्शलची कार्यपद्धती हे सगळे तिथे हाताखालून जाते. कॉलेजात फौजदारी प्रक्रिया नीट वाचलेल्यांना तिथे फार सोपे जाते. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा जुन्या नोट्स घेऊन जाऊ नका.

१९. मुलींना जागा कमी असतात हे खरे का? कायम कमिशन मिळते का?

पूर्वी अधिसूचनेतच मुलांसाठी आणि मुलींसाठी जागा वेगळ्या असत, उदाहरणार्थ सहा आणि तीन. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितले. मुलांपेक्षा जास्त गुण असूनही बाहेर राहिलेल्या मुलींनी हा लढा दिला. ज्यांनी याचिका केली त्यांचे ऋण पुढच्या प्रत्येक बॅचवर आहे.

अल्पसेवा कमिशन आधी दहा वर्षांचे, मग चार वर्षे वाढवता येते. दहा वर्षांनंतर कायम कमिशनसाठी विचार होतो. जॅग शाखेत महिलांना हा मार्ग २००८ पासून खुला आहे, इतर बऱ्याच शाखांच्या कितीतरी आधी.

२०. नौदल आणि हवाई दलातही हेच लागू होते का?

नाही. त्यांच्या भरती, वयोमर्यादा, अकादमी आणि कायदे वेगळे. नौदलाचे कायदा शाखेचे अधिकारी केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत घडतात आणि तिथे पाण्याशी मैत्री जास्त लागते. प्रश्न ९ ते १४ मधले शरीराबद्दलचे सगळे मात्र तिथेही तितकेच खरे.

२१. मी कॅप्टन आणि समोर कर्नल बसलेले. कोर्ट मार्शलमध्ये त्यांना कायदा कसा सांगायचा?

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी सदस्य असतात आणि जज ॲडव्होकेट असणे कलम १२९ नुसार सक्तीचे आहे. जज ॲडव्होकेट मत देत नाही. तो कायद्याच्या मुद्द्यांवर सल्ला देतो आणि शेवटी पुराव्याचा गोषवारा मांडतो. सदस्य हुद्द्याने मोठे असले तरी त्या खोलीत कायद्याबद्दल बोलायचे ते तुम्ही, आणि मुद्दा सांगताना आवाज कापता कामा नये. ड्रिल मैदानावर शंभर जणांसमोर हुकूम द्यायला लावतात त्याचा उपयोग मला इथे कळला.

एक अपवाद लक्षात ठेवा. आरोपी स्वतः अधिकारी असेल तर जज ॲडव्होकेट हुद्द्याने त्याच्यापेक्षा कनिष्ठ नसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले आहे. म्हणजे आरोपी मेजर असेल तर कॅप्टनला ते काम देता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत तसे करायची वेळ आली तर त्याची कारणे नोंदलेली असावी लागतात. नेमणुकीचा आदेश हातात पडताच आधी आरोपीचा हुद्दा बघा.

२२. आणि आरोपी माझ्याच अकादमीतला, माझ्याच कंपनीतला मित्र निघाला तर?

४९ आठवडे एकाच बराकीत काढलेल्यांच्या बाबतीत ही वेळ येऊ शकते. आर्मी रूल्सचा नियम १०२ म्हणतो की जो अधिकारी त्या कोर्ट मार्शलचा सदस्य व्हायला अपात्र आहे तो जज ॲडव्होकेट व्हायलाही अपात्र. सदस्याची अपात्रता नियम ३९ मध्ये आहे: ज्याने कोर्ट बोलावले तो, फिर्यादी पक्षाचा वकील, साक्षीदार, आधी आरोपाची चौकशी केलेला, आरोपीचा कमांडिंग ऑफिसर, किंवा ज्याचा प्रकरणात वैयक्तिक हितसंबंध आहे तो. नुसती जुनी ओळख त्या यादीत शब्दशः नाही. पण ज्याने तुमचा पिट्टू शेवटचे दोन किलोमीटर वाहिला, त्याच्या प्रकरणात आपण तटस्थ राहू असे स्वतःला समजावत बसू नका. आदेश मिळाला त्याच दिवशी वरच्या जॅग कार्यालयाला लेखी कळवा, ओळख किती जवळची आहे ते स्पष्ट लिहा आणि दुसरा अधिकारी नेमण्याची विनंती करा. सुनावणी सुरू झाल्यावर हे बाहेर आले तर अडचण तुमच्या मित्राचीही होते.